विचारणाऱ्याचं काय?

२००६च्या जानेवारीत मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतले अर्थतज्ज्ञ श्रीजित मिश्र यांनी राज्य सरकारला शेतकरी आत्महत्यांवरचा अहवाल दिला. यवतमाळ, वर्धा आणि वाशीम या तीन जिल्ह्यांतल्या १११ घरांची पाहणी त्यात होती. ८७ टक्के घरांवर कर्ज होतं. हा आकडा पुढे सगळीकडे फिरला, आणि फिरायलाच हवा होता. त्याच यादीत कर्ज आणि आर्थिक घसरण यांच्या खालोखाल तिसरी नोंद होती ती घरातल्या माणसांशी झालेल्या वादांची. ५५ टक्के. पीक बुडाल्याची नोंद ४१ टक्के घरांत होती, म्हणजे वादापेक्षा कमी.

या ५५ टक्क्यांचं पुढे कुणी फारसं काही केलं नाही. सरकारी बाजूला तो आकडा सोयीचा होता. भांडण म्हणजे ‘घरगुती कारण’, आणि घरगुती कारणाला धोरण जबाबदार नसतं. चळवळीच्या बाजूला तो अडचणीचा होता, कारण घरातल्या कटकटीवर बोट ठेवलं की कापसाचा भाव आणि बँकेचा हप्ता सुटून जातात, ही भीती खोटी नव्हती. मिश्र यांनी स्वतः या कारणांची सरमिसळ असते हे मान्यच केलं होतं. एका घरात तीन-चार कारणं एकदम नांदतात. कर्ज कागदावर रुपयांत असतं; घरात ते बोलण्यातून येतं, टोमण्यातून येतं, जेवणाच्या ताटावरच्या शांततेतून येतं. ही बोलणी नेमकी कशी होतात, कुठे बिघडतात आणि बिघडताना बोलणाऱ्याच्या आत काय चाललेलं असतं, हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या मधल्या पट्टीत पडून राहिला.

हा आढावा त्या पट्टीचा आहे. तापलेल्या बोलण्यात स्वतःवर नजर ठेवणं हा विषय एरवी शहरी कार्यशाळांमध्ये, गुळगुळीत कागदावरच्या पुस्तकांमध्ये सापडतो. यवतमाळ जिल्ह्यात तो रोजच्या कामाचा आहे. इथे तलाठी, आशा, बँकेचा वसुली अधिकारी, पत्रकार, पुढारी आणि घरचीच माणसं दुसऱ्याच्या सगळ्यात नाजूक जागेला हात घालतात. गेल्या वीस वर्षांत समोरच्याला काय विचारायचं याचे तक्ते, प्रश्नावल्या, प्रपत्रं बनली. विचारणाऱ्याच्या मनात त्या घटकेला काय आहे, घाई की भीती, की अपराधीपणा, याकडे मात्र क्वचितच कुणी पाहिलं. माझ्या मते बहुतेक बोलणी तिथेच फसतात.

पार्श्वभूमी यवतमाळच्या वाचकाला पाठ आहे, तेव्हा थोडक्यात. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह जीवन संपवलं. अमर हबीब यांच्या किसानपुत्र आंदोलनाने २०१७पासून त्या तारखेला अन्नत्याग सुरू केला. २००६च्या जुलैच्या पहिल्या दिवशी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. २००८च्या केंद्रीय कर्जमाफीत पाच एकरांची मर्यादा आली, आणि कोरडवाहू विदर्भात सात-आठ एकरांचा कास्तकारही गरीबच असतो हे दिल्लीला उमगलं नाही. पुढे २०१७ची आणि २०१९ची राज्याची कर्जमाफी. हा सगळा पैशांचा इतिहास. बोलण्याचा इतिहास वेगळा आहे आणि तो एका पंचनाम्यापासून सुरू करावा लागतो.

२००६पासूनच्या शासन निर्णयानुसार आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात: तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. पण आधी प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागतं. नापिकी, कर्जबाजारीपणा आणि परतफेडीचा तगादा ही कारणं सिद्ध व्हावी लागतात, जमीन नावावर लागते, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं लागतं. निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती घेते. त्या समितीपुढचा कागद मात्र गावात तयार होतो. माणूस जाऊन चार-सहा दिवस झालेले. बाई अजून कोपऱ्यात बसलेली, दारात पाहुणे, आणि तलाठी किंवा मंडळ अधिकारी खुर्चीवर बसून विचारतो: दारू पीत होते का? भांडण झालं होतं का? आजार होता का?

या तीन प्रश्नांना ‘हो’ म्हणणं म्हणजे बहुधा ‘अपात्र’च्या दिशेने एक पाऊल. गावाला हे केव्हाच कळलेलं आहे. म्हणून कर्त्या माणसाचा भाऊ किंवा सरपंच आधीच वहिनीला सांगून ठेवतो, ‘भांडणाचं काही बोलू नको, बाई.’ आदल्या रात्री खरंच काही बोलाचाली झाली असेल तर ती गोष्ट तिच्या पोटात कायमची राहते. तिच्या दुःखाला अपराधीपणाचा जो धागा असतो तो बाहेर काढायची एकमेव जागा तिला मिळाली होती, आणि तिथेच गप्प राहण्याला एक लाखाचं बक्षीस लागलं होतं. मिश्र यांच्या यादीतले ते ५५ टक्के आज कुणी पुन्हा मोजायला गेलं तर खरा आकडा सापडणं कठीण आहे, कारण प्रशासनाने स्वतःच तो बोलू नये अशी व्यवस्था केली आहे.

इथे खुर्चीवरच्या माणसाचाही विचार करू. त्याला दुपारपर्यंत अहवाल द्यायचा असतो. उद्या वर्तमानपत्रात ‘अधिकाऱ्याने हृदयशून्य प्रश्न विचारले’ असं येईल, किंवा उलट ‘खोटं प्रकरण पात्र केलं’ अशी तक्रार होईल, या दोन्हींची धास्ती त्याच्या पोटात असते. रडणाऱ्या बाईसमोर काय करावं हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. त्यामुळे तो जे करतो ते कुणीही करेल: आवाज कोरडा करतो, नजर कागदावर ठेवतो आणि प्रश्न वेगाने उरकतो. बघणाऱ्याला ती निष्ठुरता वाटते. बहुतेक वेळा ती धास्ती असते. ‘मी आत्ता घाबरलोय, म्हणून मी भराभर विचारतोय’ एवढं जरी त्याला त्या क्षणी स्वतःशी म्हणता आलं, तरी पुढच्या प्रश्नाआधी तो दोन घटका थांबेल, पाणी मागेल, पेन खाली ठेवेल. नियम तसाच राहिला तरी ते बोलणं वेगळं होतं.

हे नुसतं सुभाषित नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने २००७ साली मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवलं, की समोरच्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दांत नाव दिलं की मेंदूतल्या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची, अमिग्डालाची, हालचाल कमी होते. कार्ल रॉजर्स यांनी त्याच्या कितीतरी आधी, १९५७ साली, समुपदेशकाच्या अंगी लागणाऱ्या गोष्टींत एक अट घातली होती: आत जे चाललंय आणि बाहेर जे दाखवतोय त्यात फार फट नसावी. रॉजर्स यांनीच सुचवलेला एक खेळ वादात वापरता येतो. समोरच्याचं म्हणणं आपण आपल्या शब्दांत त्याचं समाधान होईपर्यंत सांगायचं, आणि मगच आपला मुद्दा मांडायचा. ऐकायला सोपं आहे. रागात असताना करून बघा; पहिल्याच वाक्याला जीभ आपली वकिली करायला धावते, आणि ती धावताना दिसणं हाच त्या खेळाचा खरा उपयोग आहे.

आता घरात जाऊ, कारण सगळ्यात जास्त बोलणी तिथेच बिघडतात.

कापूस-सोयाबीनच्या घराला भांडणाचं एक वेळापत्रक असतं. मृग लागला की बियाण्यासाठी पैसे उभे करायचे, तेव्हा पहिलं. पाऊस दडी मारून दुबार पेरणी आली की दुसरं. पोळ्याच्या आगेमागे फवारणीचा खर्च चढतो, बोंडअळी दिसते, तेव्हा तिसरं. दिवाळीला पहिली वेचणी घरात येते, भाव पडलेला असतो आणि लेकरांना कपडे घ्यायचे असतात. मग बँकेचा मार्च. मग लग्नसराई. कुठलंही घर या तारखा सांगू शकतं, तरी भांडण दरवेळी अचानक झाल्यासारखं वाटतं.

समजा कार्तिक महिन्यातली एक संध्याकाळ आहे. बायको विचारते, ‘कृषी केंद्रवाल्याचे किती राह्यले?’ तिच्या मनात हिशेब आहे: लेकीची फी आधी भरायची की दुकान आधी मिटवायचं. नवऱ्याला त्यात ऐकू येतं, ‘तुमच्यानं काही होत नाही.’ तो म्हणतो, ‘माह्या डोक्शाले ताप देऊ नको.’ तिला ऐकू येतं, ‘तुला काय कळतं.’ पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा फोनवर असतो, तो मध्येच बोलतो, ‘बाबा, मी म्हटलं होतं, कापूस लावू नका.’ तीन वाक्यांत तीन माणसं एकटी पडली. कुणीही खोटं बोललं नव्हतं.

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ साली मांडलेल्या आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके व ठाण्याच्या आयपीएचचे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मराठीत रुजवलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा सांगावा इथे लागू पडतो: प्रश्न आणि राग यांच्या मधे आपली एक समजूत उभी असते, आणि राग त्या समजुतीचा असतो. ‘कर्त्या पुरुषाकडे हिशेब मागणं म्हणजे त्याची लायकी काढणं’ ही ती समजूत. ती एकट्या नवऱ्याच्या डोक्यात नसते. सासऱ्यांच्या, शेजाऱ्यांच्या, गावच्या पारावर बसणाऱ्यांच्याही डोक्यात असते. म्हणून ती दिसणं कठीण.

शरीराला मात्र ती आधी कळते. कान तापतात, जबडा आवळला जातो, छाती धडधडते. दाम्पत्यांच्या भांडणांवर अनेक वर्षं काम केलेल्या जॉन गॉटमन यांचं निरीक्षण असं, की नाडी मिनिटाला शंभरच्या वर गेली की माणूस ऐकण्याच्या अवस्थेत राहत नाही. तेव्हा बोलणं थांबवून निदान वीस मिनिटं शांत व्हावं. सगळी पुस्तकं हाच सल्ला देतात: उठा, बाहेर जा, चालून या.

यवतमाळात हा सल्ला जसाच्या तसा देऊ नये. इथे रागाच्या भरात पुरुष उठून जातो तो वावरात जातो, रात्री, एकटा. आणि फवारणीचं औषध वावरात असो की घरात, हाताशीच असतं. अशा मरणांतली बरीचशी त्या घटकेच्या उद्रेकातून होतात, दीर्घ योजनेतून नाही, हे आशियातल्या शेतीप्रधान देशांतल्या अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. म्हणून थांबायचं असेल तर सांगून थांबायचं आणि घरातच थांबायचं: ‘आता माझं डोकं तापलं आहे, सकाळी चहाच्या वेळी बोलू.’ या वाक्यात तीन गोष्टी आहेत: राग माझा आहे ही कबुली, बोलणं मोडलं नाही ही खात्री, आणि पुन्हा भेटायची वेळ. न सांगता निघून जाणाऱ्याच्या मागे कुणीतरी जायला हवं, भांडण कुणाचंही असो. पिलेल्या माणसाशी हिशेबाचं बोलणं तर काढूच नये. स्वामिनी अभियानातल्या बायकांनी जिल्हा दारूबंदीसाठी मोर्चे काढले त्यामागे याच रात्रींचा अनुभव होता. शेजारच्या वर्ध्यात दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ला आली आणि २०२१ला उठली. यवतमाळात आलीच नाही.

आणि मनात मरणाचा विचार येतो का, हे सरळ विचारावं का? गावात समज असा, की विचारलं तर डोक्यात भरवल्यासारखं होईल. संशोधन याच्या उलट सांगतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, विचारल्याने असे विचार वाढतात याला आधार सापडला नाही; उलट काहींना हलकं वाटलं. विचारायला अडतो तो आपण. उत्तर ‘हो’ आलं तर मी काय करू, या भीतीने प्रश्न गिळला जातो आणि त्याजागी ‘असं काही मनात आणू नको हं, लेकराबाळांकडे बघ’ असा उपदेश बाहेर पडतो. हा उपदेश समोरच्यासाठी नसतो, आपल्या भीतीवरचा उपाय असतो. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे. उत्तर ‘हो’ आलं तर करायची पहिली गोष्ट म्हणजे त्या माणसाला एकटं न सोडणं, औषधं-फवारे त्याच्यापासून दूर करणं आणि त्याच्या शेजारी बसून तो नंबर लावणं.

सरकारने २०१५ साली दोन गोष्टी सुरू केल्या. यवतमाळ आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांसाठी बळीराजा चेतना अभियान, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांत आरोग्य खात्याचा प्रेरणा प्रकल्प. प्रेरणात आशा घरोघरी जाऊन प्रश्नावली भरते, त्रास असलेला माणूस ओळखून पुढे पाठवते. कल्पना चांगली आहे. आशा गावातलीच असते, तिचा पाय कुठल्याही ओसरीवर पडू शकतो. पण ती गावातलीच असते ही अडचणसुद्धा आहे. तिचाही नवरा कास्तकार, तिच्याही घरी तोच दुकानाचा हिशेब. ‘झोप लागते का? जगण्यात रस वाटतो का?’ हे दुसऱ्याला विचारताना तिचंच उत्तर तिच्या घशाशी येतं. मग ती ‘नाही’च्या रकान्यात खूण करून पुढच्या प्रश्नावर जाते. मोबदला कामागणिक, कामांची यादी लांब, आणि पाठीमागे महिन्याचा अहवाल.

हे काम कसं चांगलं होऊ शकतं याचा पुरावा शेजारच्याच जिल्ह्यात आहे. अमरावतीच्या ३० गावांत संगत संस्थेचा ‘विश्राम’ प्रकल्प झाला. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त मांडले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. डॉक्टर नव्हे, गावातलेच प्रशिक्षित कार्यकर्ते पहिली मदत करत होते. याच संस्थेने गोव्यात त्याहून उपयोगी एक गोष्ट करून पाहिली, आणि तिच्याकडे आपल्याकडे फार कमी लक्ष गेलं. तिथल्या बिगरडॉक्टर समुपदेशकांच्या भेटी ध्वनिमुद्रित होत, आणि त्या सगळ्यांनी एकत्र बसून एकमेकांच्या ऐकायच्या, गुण द्यायचे. कुठे समोरच्याचं वाक्य तोडलं, कुठे उगाच धीर दिला, कुठे गप्प राहायला हवं होतं. तज्ज्ञांच्या गुणांशी त्यांचे गुण बऱ्यापैकी जुळले. स्वतःचा आवाज ऐकण्यासारखं कठोर शिक्षण दुसरं नाही. ‘मी तर शांतपणे बोलत होते’ हा समज पहिल्या पाच मिनिटांत गळून पडतो. आत्मभान म्हणजे डोळे मिटून बसणं असं आपल्याला वाटतं. या पद्धतीत ते सहकाऱ्यांच्या घोळक्यात, डोळे उघडे ठेवून मिळतं, आणि ते शिकवता येतं.

पुढाऱ्यांच्या आणि माध्यमांच्या बोलण्यावर फार वेळ घालवायला नको, पण वगळताही येत नाही. २००८च्या जुलैत राहुल गांधींनी लोकसभेत जळक्याच्या, आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातल्या कलावती बांदूरकरांचं नाव घेतलं आणि त्या देशाला माहीत झाल्या. २० मार्च २०१४ रोजी आर्णी तालुक्यातल्या दाभडीत नरेंद्र मोदींची ‘चाय पे चर्चा’ झाली. दोन्ही वेळी दुःखासमोर कॅमेरा होता. कॅमेऱ्यासमोर समोरचा माणूस आपल्या दुःखाचा प्रतिनिधी होतो, आणि विचारणाऱ्याला आपल्या कळवळ्याचं प्रदर्शन टाळता येत नाही. मायक्रोफोन पुढे करून ‘तुम्हाला काय वाटतं?’ विचारणाऱ्या पत्रकाराचीही हीच गोची. याला एक चांगला अपवाद म्हणून जयदीप हर्डीकर यांचं २०२१चं ‘रामराव’ हे इंग्रजी पुस्तक सांगता येईल. हिवरा बारसा गावचे रामराव २०१४ साली मरणाच्या दारातून परत आले. हर्डीकर त्यांच्याकडे वर्षानुवर्षं जात राहिले. एका भेटीत जे विचारता येत नाही ते दहाव्या भेटीत आपोआप बोललं जातं, हे त्या पुस्तकाच्या पानापानांत दिसतं.

दुसरा अपवाद रंगमंचावरचा. श्याम पेठकर लिखित, हरीश इथापे दिग्दर्शित ‘तेरवं’ या नाटकात शेतकरी कुटुंबांतल्या एकल स्त्रिया स्वतः उभ्या राहिल्या. त्यांतल्याच वैशाली येडे यांनी ११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळच्या ९२व्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं. लेखिका नयनतारा सहगल यांचं उद्घाटनाचं निमंत्रण मागे घेतल्याने ते संमेलन आधीच तापलं होतं आणि येडे यांची निवड ही तोडगा म्हणून झाली असं अनेकांचं मत होतं. असेल. पण जिल्ह्यातल्या बाईने विचारणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं न देता आपल्या क्रमाने, आपल्या सुरात बोलणं ही गोष्ट त्या तोडग्यापेक्षा मोठी ठरली. पंचनाम्याच्या खुर्चीसमोर जे बोलता येत नाही ते तिथे बोललं गेलं.

बँकेच्या काउंटरबद्दल एवढंच: तगादा हे आत्महत्येचं अधिकृत कारण आहे, म्हणजे बँकेचं बोलणं जीवघेणं ठरू शकतं हे शासनाने लेखी मान्य केलेलं आहे. तरीही वसुलीच्या भाषेवर प्रशिक्षणाचा खर्च होताना दिसत नाही. वसुली अधिकाऱ्यावर मार्चअखेरीचं दडपण असतं आणि ते काउंटरवर उतरतं. चार लोकांसमोर कर्जदाराचं नाव मोठ्याने घेतलं जातं.

आता या सगळ्या मांडणीतला धोका. ‘बोलायला शिका, स्वतःला ओळखा’ हे सांगणं सरकारला फार स्वस्तात पडतं. कापसाला हमीभाव मिळत नसताना कास्तकाराला त्याच्या समजुती तपासायला सांगणं हा क्रूर विनोद होऊ शकतो, आणि समुपदेशनाच्या काही कार्यक्रमांत तो झालाही असेल. श्रीलंकेचा अनुभव इथे लक्षात ठेवायला हवा. १९९५पासून तिथे सगळ्यात विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि पुढच्या दहा वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. घरोघरी कुलूपबंद पेट्या वाटण्याचा प्रयोग मात्र २०१७च्या निष्कर्षांत निष्फळ ठरला. म्हणजे धोरणाने जे होतं ते माणसाच्या सावधपणाने होत नाही. २०१७च्याच पावसाळ्यात यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले, तेव्हा ‘हातमोजे का घातले नाहीत?’ हा प्रश्न मजुरालाच विचारला गेला. स्वतःकडे बघण्याचा आग्रह नेहमी दुबळ्याच्याच वाट्याला येणार असेल तर तो नाकारलेला बरा.

माझं म्हणणं त्यामुळे उलट्या बाजूने सुरू होतं. ज्याच्या हातात कागद, पद, माइक किंवा पगार आहे त्याने आधी स्वतःकडे पाहावं. त्यासाठी करण्यासारख्या दोन-तीन गोष्टी फार खर्चिक नाहीत. पात्र-अपात्रतेच्या चौकशीतून घरगुती वादाचा प्रश्न काढून टाकावा, किंवा त्याचं उत्तर मदतीच्या आड येणार नाही असं लेखी करावं. चौकशी तेरवी झाल्यावर करावी, आणि तलाठ्यासोबत एक बाई कर्मचारी असावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात आशांची महिन्याची बैठक होतेच. तिच्यात गोव्यासारखं एकमेकींच्या भेटी ऐकण्याला अर्धा तास द्यावा, आणि त्या अर्ध्या तासाचा मोबदला द्यावा. फुकटात हे होणार नाही. २०२३च्या ऑक्टोबरात आशा बेमुदत संपावर गेल्या होत्या हे विसरून कुणी हा सल्ला देऊ नये.

आणि झरी जामणी, मारेगावच्या कोलाम पोडांवर, पुसद-दिग्रसच्या तांड्यांवर आधी भाषेचं बघावं लागेल. कोलामी किंवा गोरमाटीत वाढलेल्या म्हाताऱ्याला मराठी प्रश्नावलीतल्या वाक्यांवर मान हलवणं जमतं, उत्तर देणं जमत नाही. तांड्यात नवरी सासरी निघताना ढावलो म्हणत रडते, सगळ्यांसमोर, कुणी तिला ‘गप्प बस’ म्हणत नाही. तिथे दुःख बोलून दाखवायची रीत आहे, फक्त ती प्रपत्राला ठाऊक नाही. अशा ठिकाणी प्रश्न विचारायला पाठवायची व्यक्ती त्याच तांड्यातली, त्याच पोडावरची निवडली तर निम्मं काम तिथेच होईल. तिला शिकवायला वेळ लागेल, आणि पहिले काही महिने तिच्या रकान्यांत फार खुणा दिसणार नाहीत. वरच्या अधिकाऱ्याने ते सहन करायला हवं.